जवळच्या नातेवाइकाचं मत

"आता घरच्यांचा फॉर्म बघू," मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाकीट फोडलं.

नाकाच्या शस्त्रक्रियेआधी ही तपासणी सक्तीची होती. तासभर तिनं न अडखळता उत्तरं दिली होती. हो, शाळेपासून नाक खुपतं. नाही, दिवसभर आरशासमोर बसत नाही. घरचे काय म्हणतात, या प्रश्नाला मात्र ती हसली होती. "नवरा म्हणतो, तुझ्या नाकाकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. अकरा वर्षं हेच ऐकतेय."

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या होत्या. "जे घरात कुणालाच दिसत नाही ते फक्त तुम्हालाच दिसत असेल, तर आम्ही शस्त्रक्रिया नको म्हणतो."

तिचं तोंड उतरलं होतं. पण आतून कुठेतरी बरंही वाटलं होतं.

नवऱ्यानं फॉर्म बाहेर बाकावर बसूनच भरला होता. तो मोजणी खात्यातला, नाकासमोर चालणारा माणूस. कागदावरचा एकही रकाना रिकामा सोडणं त्याला जमत नसे.

बाई वाचू लागल्या.

"दोष प्रथम कधी लक्षात आला? 'पहिल्या भेटीत. फोटो समोरून काढलेला होता, त्यामुळे आधी कळलं नाही. तोवर घरच्यांनी शब्द देऊन टाकला होता.' पेशंटशी याबद्दल कधी बोललात का? 'नाही. तिला वाईट वाटेल.' शस्त्रक्रिया झाली नाही तर? 'हरकत नाही. आता सवय झाली आहे.'"

बाईंनी कागद खाली ठेवला. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "म्हणजे हा तुमच्या मनाचा खेळ नाही. माझी संमती आहे."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर नवरा तिची पर्स मांडीवर सांभाळत बसला होता.

"काय म्हणाल्या?"

"डोकं ठिकाणावर आहे म्हणाल्या."

"ते मीही सांगितलं असतं. तारीख कधीची देतायत?"

ती त्याच्या शेजारी बसली. पर्स तिनं मागितली नाही.

"सवय व्हायला किती वर्षं लागली रे?"

तिला वाटलं, तो गडबडेल. निदान खोटं तरी बोलेल.

तो समोरच्या भिंतीकडे बघत खरंच आठवू लागला.