दोराचं खालचं टोक

पल्लवी मॅडम अर्ध्या कातळावर अडकल्या, तेव्हा त्यांचा दोर वाल्मिकच्या हातात होता.

खानवेलच्या पुढे, सागाच्या रानात तो काळा कातळ सरळ उभा होता. सिल्वासातल्या धाग्याच्या कारखान्यातली त्यांची सगळी शिफ्ट रविवारी सकाळी बसने इथे आली होती. टीममध्ये विश्वास वाढला पाहिजे, असं मॅनेजर विजय सरांचं म्हणणं होतं. सरांनी नुकतंच पल्लवी मॅडमना शिफ्ट इन्चार्ज केलं होतं आणि ते बऱ्याच जणांच्या पचनी पडलं नव्हतं. म्हणून पहिल्यांदा त्याच चढणार, हे सरांनी बसमध्येच जाहीर करून टाकलं होतं.

दोर मॅडमच्या कमरेच्या पट्ट्यापासून वर जाऊन, माथ्यावरच्या लोखंडी कडीतून फिरून खाली वाल्मिककडे येत होता. त्या वर सरकल्या की दोर ढिला पडायचा. तो ओढून घ्यायचा. खाली यायचं म्हणाल्या की हळूहळू सोडायचा. शिकवणारा प्रभाकर हे दोनदा करून घेऊन माथ्यावर कडीपाशी जाऊन बसला होता. वाल्मिकच्या मागे दोराचं शेपूट धरून शिफ्टमधलाच संजू उभा होता.

आता बराच वेळ दोर ढिला पडलाच नव्हता. मॅडमचा डावा पाय लटलट कापताना खालूनही दिसत होता.

“वाल्मिक, खाली घे.”

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“नाही, नाही!” विजय सर पुढे धावले. “पल्लवी, थोडंच राहिलंय. उजव्या हाताला खाच आहे बघ. जमेल तुला!” मग ते वाल्मिकच्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाले, “सोडू नकोस. आज अर्ध्यातून खाली आली, तर उद्यापासून तिचं कुणी ऐकणार नाही.”

सर खोटं बोलत नव्हते. मागे कुणीतरी हसू दाबलं, ते वाल्मिकनेही ऐकलं.

“खाली घे ना रे!”

“भो, साहेबांचं ऐक,” संजू मागून कुजबुजला. “पर्मनंटचं डोक्यात ठेव.”

ते तर डोक्यात होतंच. धुळ्याहून आल्यापासून वाल्मिक ठेकेदाराकडेच होता. दिवाळीनंतर तुझं बघू, असं सरांनी स्वतः म्हटलं होतं. कारखान्यात असं काही झालं असतं तर विचार करायची वेळच आली नसती. मोठ्या साहेबाचा शब्द शेवटचा. माथ्यावरून प्रभाकर वाकून काहीतरी ओरडत होता, पण वाऱ्यात शब्द कळत नव्हते. वाल्मिकने दोर आणखी घट्ट धरला. सोडावा की नाही, तेच त्याला समजेना.

तिसऱ्यांदा मॅडम काही म्हणाल्या नाहीत. त्यांचं हेल्मेट कातळाला टेकलं आणि तसंच राहिलं.

“सर, जरा बाजूला व्हा,” वाल्मिक म्हणाला. आपण हे बोललो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग तो वर बघून ओरडला, “मॅडम, हात सोडा, मागे रेला! धरलंय मी!”

त्यांनी हात सोडायला वेळ लावला. सोडले तेव्हा दोराला हिसका बसला आणि वाल्मिक दोन पावलं पुढे ओढला गेला. मग त्याने जपून, थोडा थोडा दोर सोडत त्यांना जमिनीवर आणलं.

मॅडम एका दगडावर बसल्या. त्यांच्या कोपरावर खरचटलं होतं. शिफ्टमधल्या स्नेहलने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली, पण झाकण काही उघडेना.

“उद्या केबिनमध्ये ये,” विजय सर वाल्मिकला म्हणाले आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

वाल्मिक मॅडमपाशी गेला. सॉरी म्हणावं की बरं वाटतंय का विचारावं, तेही त्याला सुचत नव्हतं. मॅडमनीच मान वर केली. डोळे लाल झाले होते.

“किती वेळ लावलास!” त्या म्हणाल्या.

त्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने प्रभाकर माथ्यावरून उतरून आला. पुढचा कोण, असं त्याने विचारलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मॅडम दगडावरून उठल्या, पट्टा ओढून पुन्हा घट्ट केला आणि दोराला गाठ मारू लागल्या. प्रभाकरने गाठ तपासली.

“दोर संजू धरेल,” विजय सर म्हणाले. “वाल्मिक नको.”

“वाल्मिकच धरेल, सर,” मॅडम म्हणाल्या. मग वाल्मिककडे वळून, “आणि या वेळी सांगितलं की लगेच.”

“हो, मॅडम.”

त्या चढू लागल्या. पहिल्यापेक्षा हळू. पाय ठेवायच्या आधी प्रत्येक खाच चाचपत होत्या. मघाच्याच जागी आल्यावर पुन्हा थांबल्या. तोच पाय पुन्हा कापू लागला. खाली कुणी खाकरलंसुद्धा नाही. विजय सर दोन पावलं पुढे आले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“आता?” त्यांनी हळूच विचारलं.

“म्हणाल्या तर खाली घेईन, सर.”

वाल्मिक सरांकडे बघत नव्हता. तो कान देऊन उभा होता. वारा होता, लांब रस्त्यावरून सिल्वासाकडे जाणारी बस होती, बाकी वरून काहीच आवाज आला नाही.

मग हातातला दोर ढिला पडला. वीतभरच. वाल्मिकने तो ओढून घेतला.