कानातली ओळख

"कोण पाहिजे आपल्याला?" दार अर्धवट उघडून आईने माहेरी आलेल्या निलांबरीला विचारलं.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या कानात एक यंत्र होतं. समोर कोण आहे ते यंत्र कुजबुजून सांगे आणि प्रत्येक ओळखीमागे आगाऊ भरलेलं एक क्रेडिट कापलं जाई. शेजारणींवरच क्रेडिटं संपतात म्हणून निलांबरीनेच गेल्या महिन्यात आपोआप होणारं रिचार्ज बंद केलं होतं.

तिने दारातच उभ्या उभ्या मोबाइलवरून पैसे भरले.

"अगं निलू! उन्हात काय उभी राहिलीस? ये ना!" आईचा चेहरा खुलला.

यंत्र परक्यांसाठी आहे, आपल्याला आई अजून मनानेच ओळखते, असं निलांबरी वर्षभर धरून चालली होती. आता तिचं पाऊल आत जायला उचलेना.