जुनी चावी

भनपुरीतल्या चावीवाल्याच्या दुकानासमोर भरदुपारी बाबांची, ओढून आणलेली पिकअप गाडी उभी होती. भार्गवची आई आत बसली होती आणि तो बाहेर उभा राहून नवी स्मार्ट चावी बनवून घेत होता.

बाबांची नजर अधू झाली होती, तरी ते गाडी चालवणं सोडत नव्हते. म्हणून भार्गवने गाडीची एकुलती एक चावी गुपचूप खारून नदीत फेकली. आठवड्याने बाबांच्या छातीत कळ आली. शेजारी गाडी काढायला धावला, पण चावी सापडेना. रिक्षा येईपर्यंत बाबा गेले. "चावी त्यांनीच हरवली," असं भार्गव आईला आजही सांगत होता.

चावीवाल्याने गाडीला यंत्र जोडलं आणि तो थबकला. "भैया, पुरानी चाबी तो गाड़ी में ही है."

"हो ही नहीं सकता," भार्गव घाईने म्हणाला.

"ड्राइवर सीट पे दिखा रहा है."

भार्गवने काचेतून पाहिलं. सीट रिकामी होती. तेवढ्यात इंजिन आपोआप सुरू झालं.

आईने पदर सावरला आणि त्या रिकाम्या सीटकडे वळून ती हळूच म्हणाली, "अहो, जाऊ द्या. पोट्ट्याले काही बोलू नका."