न कळवता

तिसऱ्यांदाही तेच झालं. दोन त्रिकोण एकमेकांना चिकटून यायला हवे होते, आणि त्यांच्या मधल्या रेघेवर काळे ठिपके सांडले होते. शालूने मॉनिटरवर बोट घासून पाहिलं. ठिपके पुसले जाणार नाहीत हे तिला चांगलं माहीत होतं, तरी घासलं.

वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसात वर्षभर एकच लायब्ररी लिहिली जात होती. पुस्तकांची नव्हे, कॉम्प्युटरला पडद्यावर चित्रं काढायला शिकवणारी. लिहिली गोपीनाथने, तपासायची शालूने. त्यासाठी परदेशातून चाचणीचा प्रोग्रॅम आला होता. तो शेकडो चित्रं काढून घ्यायचा आणि ठिपका न् ठिपका तपासायचा. सकाळी सगळी चित्रं पास झाली. मालकीणबाई हेमा मॅडमनी लगेच पेढे मागवले. सगळे पेढ्यांवर तुटून पडले तेव्हा शालूने त्या प्रोग्रॅमची एक कॉपी करून ठेवली, कॉपीला हौसेने स्वतःचं नाव दिलं आणि चालवून बघितली. नापास. मूळ प्रोग्रॅम चालवला, पास. पुन्हा कॉपी, पुन्हा नापास. मशीन तेच, चित्र तेच, फरक काय तो नावाचा.

मग तिने गोपीनाथचा कोड उघडला. फार शोधावं लागलं नाही. सुरुवातीलाच त्याने लायब्ररीला बजावून ठेवलं होतं: चित्र कोण मागतंय त्याचं नाव आधी बघ. चाचणीवाला असेल तर सावकाश, नीट काढ. दुसरं कोणी असेल तर भराभर उरक.

एरवी शालू सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली असती. आज ती नुसती उठत होती आणि बसत होती. रविवारी हाच गोपीनाथ आईवडिलांना घेऊन माजिवड्याला तिला बघायला आला होता. ऑफिसात रोज बघत होताच, पण रीत ती रीत. पोह्यांच्या बश्या त्याने स्वतः उचलून आत नेल्या. लग्नानंतर शालूने नोकरी सोडायची नाही, घरातलं दोघांनी मिळून करायचं, असं सगळ्यांसमोर म्हणाला. आई तिथेच विरघळली. बाबा आज संध्याकाळी शहाडला, गोपीनाथच्या घरी, होकार द्यायला निघणार होते. जाऊ ना, म्हणून दुपारपासून त्यांचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा ती सांगते म्हणाली. तिला गोपीनाथ आवडत होता, आणि हीच तर पंचाईत होती.

तिने त्याला बोलावलं. तो तिच्यासाठी ठेवलेला पेढा घेऊन आला, ठिपके बघितले आणि हसला. सापडलो म्हणाला. गिऱ्हाइकाला स्पीड हवा असतो, दोन ठिपक्यांसाठी कोणी भांडायला येत नाही, असं त्याने तिला समजावलं.

"तपासायला कोणी आलं की तेवढ्यापुरतं नीट वागायचं, बस," तो म्हणाला. "सगळेच करतात गं."

"आणि एरवी?"

"एरवी कोण बघतंय?"

तुला आवडत नसेल तर सोमवारी काढून टाकतो, असंही तो म्हणाला. मॅडमना सांगितलंस तरी माझा राग नाही. खोटं बोलत नव्हता. माणूस वाईट असता तर शालूला इतका त्रास झाला नसता.

ऑफिसचा एकुलता एक फोन त्याच्या टेबलावर होता. शालूने तिथे जाऊन घरी फोन लावला. बाबा कपडे करून तयार होते. येतोय म्हणून शहाडला कळवतो आणि निघतो, म्हणाले.

"कळवू नका," शालू म्हणाली. "असेच जाऊ. मीपण येते."

बाबांना ते झेपलं नाही. मुलगी अशी मुलाच्या घरी जाऊन धडकते का, लोक काय म्हणतील, काही बिनसलंय का, सगळं विचारून झालं. काही बिनसलं नाही, मी रिक्षाने येते, तुम्ही थांबा, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

गोपीनाथ शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आजच?" त्याने विचारलं.

"आत्ताच."

"अगं पण घरी..." तो म्हणाला.

शालूने मॉनिटर बंद केला, पर्स खांद्याला अडकवली आणि बाहेर पडली. जिन्यापाशी गेल्यावर तिला चपलांची आठवण झाली. ती पायांत ऑफिसच्या स्लिपर घालूनच निघाली होती. ती परत दारात आली. गोपीनाथ पाठमोरा उभा होता, रिसीव्हर तोंडाशी धरून, हळू आवाजात बोलत.

"आई, ऐक. ते लोक येतायत, आत्ता. शालूपण आहे. अण्णांना शर्ट घालायला सांग. आणि वहिनीला म्हणावं, तू नोकरी का सोडलीस ते काढू नको. विचारलं तर तिलाच कंटाळा आला, असं सांगायचं."

शालूने खांद्यावरची पर्स काढली. बाबांना पुन्हा फोन करायचा होता, म्हणून त्याने फोन ठेवायची वाट बघत ती दारातच उभी राहिली.