कान मोकळे असतात

वाचनालयाच्या इतिहास मंडळात प्रत्येकाने आवडतं पुस्तक सुचवायचं होतं. पोळीकेंद्र चालवणाऱ्या शेवंताबाईंनी पॉडकास्ट सुचवला. "पानिपतावर बारा भाग आहेत, एकेक चार तासांचा."

अध्यक्ष हसले. "अहो बाई, कानावर पडलं त्याला अभ्यास म्हणत नाहीत."

शेवंताबाई खाली बसल्या नाहीत. "सर, दिवसाला चारशे पोळ्या लाटते मी. हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. मराठ्यांची रसद कशी तुटली, मला तोंडपाठ आहे. विचारा काहीही."

अध्यक्षांनी पुढच्या सभासदाला बोलायची खूण केली.

"मग ज्यांना ऐकायचंय," शेवंताबाई म्हणाल्या, "त्यांनी रविवारी सकाळी केंद्रावर यावं. चहा मी देईन."

रविवारी नऊ जण आले. पहिला भाग संपेपर्यंत दुपार झाली होती, तरी कुणी उठेना. "पुढचा लावा," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या.