दुबार निरोप

"एकदा गेला तो पुरे नव्हता का तुम्हाला?" म्हातारा इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीतून ओरडला आणि त्याने मोबाइल पुढे धरला. मुलगा गेल्याचा निरोप त्याला दोनदा आला होता. दुसऱ्यांदा मोबाइल वाजला तेव्हा त्याला क्षणभर वाटलं होतं, पहिला चुकून आला असेल.

इस्पितळाच्या प्रोग्रामरने मान खाली घातली. चूक त्याचीच होती. निरोपांची कामं रांगेत लागत आणि चार प्रोग्राम ती एकेक करून उचलत. त्यातल्या दोघांनी एकच काम एकाच वेळी उचललं होतं. घरातल्या दोघींनी एकाच भाजीत मीठ घालावं, तसं झालं.

त्याच दुपारी त्याने बंदोबस्त केला. नंबर तोच आणि निरोपही निधनाचाच असेल, तर मागून आलेलं काम दुबार समजून टाकून द्यायचं.

"टाकू नकोस, थांबवून ठेव. आधी कुणीतरी डोळ्यांखालून घालू दे," सीनियर म्हणाला. चाळिशीतच सबुरीचे सल्ले देतो म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत.

"नको आजोबा. पुन्हा कुणाला दोनदा गेला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पी," आजोबा हसले आणि आपल्या कामाला लागले.

तीन आठवडे एकही निरोप दुबार गेला नाही. प्रोग्रामरला पुन्हा जेवण गोड लागू लागलं.

मग एका सकाळी बस उलटली. दुपारी खिडकीवरच्या बाई एका आईला घेऊन त्याच्या खोलीत आल्या. "यांच्या धाकट्याचा वॉर्ड सापडत नाहीये रे. जरा बघ ना."

आईच्या हातातल्या पिशवीत स्वेटर होता. डोळे रडून सुजले होते. "दोघंही त्याच बसमध्ये होते," ती म्हणाली. "थोरला गेला हो माझा. निरोप आला. मग तासभर मोबाइल मुठीत धरून बसले. दुसरा नाही आला. देवाने एक तरी ठेवला मला."

त्याने तिचा नंबर टाकला. पडद्यावर दोन ओळी आल्या. दोन नावं, मध्ये तीन सेकंद. थोरल्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पाठवला'. धाकट्याच्या नावापुढे, 'दुबार, रद्द'.

त्याने तोच नंबर पुन्हा टाकून पाहिला. त्याच दोन ओळी आल्या.

"सावकाश शोध, बाळा," तिनेच त्याला धीर दिला. "तो आहे म्हटल्यावर मी कितीही वेळ थांबेन."