तिसरं झाड

"एक, दो," दरोग्याने मोजलं आणि त्याची काठी हवेतच थांबली. "तीसरा किधर है?"

गयाबाईच्या परसात शिंदीची तीन झाडं होती. म्हणजे आबकारीच्या कागदावर होती. प्रत्येकाच्या खोडावर आकड्याची पत्र्याची पट्टी ठोकलेली. जागा गयाबाईची, पण झाडं निजाम सरकारची, कारण शिंदीच्या दारूच्या थेंबाथेंबावर सरकारचा महसूल. म्हणूनच तर सत्याग्रह्यांनी यंदा गावोगाव शिंदी तोडायचं काढलं होतं, आणि जो हाती लागेल त्याला सहा महिने जेल होत होती.

झाडांखाली झेंडू आणि शेवंती दाटून फुललेली. गयाबाई ती फुलं गावात, बेल्याच्या बाजारात विकायची. तिसरी शिंदी जिथे असायला हवी होती तिथे मात्र गुडघाभर उंचीचं तुळशीवृंदावन होतं. त्याची माती अजून पुरती वाळली नव्हती.

वृंदावनाच्या पोटात खुंट होता. चार दिवसांपूर्वी सगळं गाव कापूस वेचायला गेलं असताना उद्धवने, गयाबाईच्या एकुलत्या एका पोराने, झाड पाडलं आणि ओंडके नाल्यात लोटले. खुंट काही केल्या निघेना. तेव्हा मायलेकांनी त्याला चारी बाजूंनी माती लिंपली आणि वर तुळशीचं रोप खोचलं. युक्ती गयाबाईचीच. त्या दिवशी तिला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

दरोग्याबरोबर आलेल्या वामनराव पटवाऱ्यांना हे कळायला एक नजर पुरली. घराच्या मागे, दाराकडे पाठ करून कोणी तुळस लावत नाही. आणि दारातली जुनी तुळस तर ते येताना बघूनच आले होते. त्यांनी उद्धवकडे पाहिलं. तो हात पाठीमागे बांधून उभा होता. कुऱ्हाडीचे फोड तळहातावर असतात.

"हुजूर, वो तो बारिश में गिर गया," वामनराव म्हणाले. "कागज पर से काटना मैं ही भूल गया." हे खोटं उघडं पडलं तर नोकरी त्यांचीही जाणार होती.

दरोगा वृंदावनाभोवती एक चक्कर मारून आला. काठीचा एक ठोसा पुरे होता. पण दिवस बरे नव्हते, तुळशीला काठी लागली असती तर बाजारातली सगळी माणसं काठ्या घेऊन आली असती. तो दहा वर्षं याच मुलखात नोकरीला होता. मराठी त्याला बोलता येत नसे, पण कळायची सगळी, आणि इथली माणसंही कळायची.

"ठीक है," तो म्हणाला. "बुढ़िया तुलसी का पत्ता हाथ में लेगी. दूसरा हाथ बेटे के सर पर. बोल दे कि इसने नहीं काटा. मैं दो लिख के चला जाऊँगा."

वामनरावांनी सुटकेचा श्वास सोडला. दरोगा पलीकडच्या झाडाची पट्टी वाचायला गेला तसे ते गयाबाईजवळ सरकले.

"म्हणून टाक, गयाबाई. एका वाक्याचं काम हाय. आत काय हाय ते तुलेबी ठाऊक अन् मलेबी. खुंट हाय तो, देव नाई."

गयाबाईची चूक एवढीच झाली होती की गेले चार दिवस तिने त्या खुंटाला पाणी घातलं होतं. पहिल्या दिवशी शेजारणींना दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सवयीने, आंघोळ झाल्यावर, हळदकुंकू वाहून. तिसऱ्या दिवशी तिने हात जोडले आणि माह्या पोराले सांभाळ म्हणाली. आज सकाळी मान टाकलेलं रोप ताठ उभं राहिलं होतं.

दरोगा परत आला. गयाबाईने पान खुडलं. उद्धव उंच होता, त्याने मान खाली घातली. तिने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. केस उन्हाने तापले होते. लहानपणी तापात त्याचं डोकं असंच भाजायचं.

पान हातात घेऊन खोटं बोललं तर ते हाताखालच्या डोक्यावर येतं. हे बेल्यात कोणाला शिकवावं लागत नसे. ज्यांच्यावर आलं आणि जे त्यात गेले, त्यांची नावं लोक घेत.

"म्हण ना, माय," उद्धव हळूच म्हणाला. "काऊन थांबली?"

तिला भीती वाटत होती, आयुष्यात वाटली नव्हती एवढी. वामनरावांनी टाक दौतीत बुडवून तयार धरला होता. दरोगा काठीवर रेलून तिच्या तोंडाकडे बघत होता, त्याला घाई नव्हती.

गयाबाईने पोराच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"तोडलं," ती दरोग्याला म्हणाली. "माह्याच पोरानं तोडलं. लिवा."

उद्धवने डोळे मिटून घेतले. दरोग्याने मान हलवली आणि वामनरावांच्या हातातला कागद काढून घेतला.

"अवं, डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?" वामनरावांचा आवाज फाटला. "पोटच्या पोराले जेलात धाडून राह्यली तू."

गयाबाईने पान मुठीत मिटलं.

"जेलातून माणूस वापस येते, पटवारीसाहेब," ती म्हणाली.